देवघरापुढची खुर्ची

ताई,

मी त्रेचाळीस वर्षांची आहे. बडोद्यातच वाढले, मांजलपूरला राहते, शाळेत रसायनशास्त्र शिकवते. कॉलेजात असताना देवावरचा विश्वास गेला. कुणाशी भांडून नाही, हळूहळू गेला. सासर देवाधर्माचं करणारं. सासूबाईंनी कधी सक्ती केली नाही, मीही त्यांना कधी दुखावलं नाही. आता त्यांचे गुडघे गेलेत. गेल्या महिन्यात म्हणाल्या, 'रोजची पूजा आणि गौरी-गणपती आता तुझ्याकडे.' मी 'बरं' म्हणाले आणि रात्रभर जागी राहिले.

दुसरं म्हणजे, देव मानत नसले तरी मी कोरडी नाही. पहाटे गच्चीत अर्धा तास नुसती बसते. बाबा गेले त्या रात्री त्यांचा हात माझ्या हातात होता, तेव्हा जे वाटलं त्याला माझ्याकडे शब्द नाही. हे दिरांना सांगितलं तर म्हणाले, 'वहिनी, हे सोयीचं अध्यात्म. व्रत नको, उपास नको, फक्त छान वाटायला हवं.' सतरा वर्षांचा मुलगा विचारतो, 'आई, तू स्पिरिच्युअल आहेस म्हणजे नक्की काय?' मला उत्तर आलं नाही. माझं जे काही आहे त्याला अध्यात्म म्हणायचं का? आणि विश्वास नसताना पूजा केली तर ते ढोंग नाही का?

— म., मांजलपूर

प्रिय म.,

उत्तराला उशीर झाला. एकदा लिहून झालं होतं. त्यात मी सरळ तुमची बाजू घेतली होती आणि दिरांना दोन शब्द सुनावले होते. दुसऱ्या दिवशी वाचलं आणि बाजूला ठेवलं. दिरांचं बोलणं टोचणारं आहे, पण त्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती मी चुकवली होती. तिच्याकडे येतेच. आधी माझ्या वडिलांबद्दल सांगते, कारण तुमचं पत्र वाचताना सारखे तेच डोळ्यांपुढे येत होते.

आप्पा रेल्वेत होते. देव मानत नव्हते. ते त्यांनी कधी लपवलं नाही आणि मिरवलंही नाही. कुणी विचारलं तर 'मला पटलेलं नाही' एवढंच म्हणायचे. आई दत्ताची. गुरुवारचा उपास, पोथीचं पारायण, घरभर उदबत्तीचा वास. आणि दर गुरुवारी सकाळी आप्पा सायकलवरून खंडेराव मार्केटात जाऊन आईसाठी फुलं आणायचे. पुडी घरी आली की स्वतः ओट्यावर सोडायचे. शेवंतीच्या डागाळलेल्या पाकळ्या खुडून टाकायचे, तुळशीच्या मंजिऱ्या वेगळ्या काढायचे, सगळं ताम्हनात नीट लावून देवघरापाशी ठेवायचे आणि डबा घेऊन कामावर जायचे. नमस्कार करत नसत. मी सतरा-अठराची असताना एकदा चढ्या आवाजात विचारलं, 'देव नाही म्हणता, मग ही फुलं निवडत कशाला बसता?' ते म्हणाले, 'फुलं तुझ्या आईची आहेत.'

संध्याकाळी तंबोरा. आजोबांचा जुना मिरजेचा तंबोरा घरात होता. आप्पांना गाणं येत नव्हतं, गळाच नव्हता. ते फक्त लावायचे. मांडी घालून, भोपळा टेकवून, आधी पंचम, मग जोडीच्या तारा, शेवटी खर्ज. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, मग घोडीवर तारेखालचा दोरा नखानं केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार एकदम बोलायला लागते, जव्हारी खुलते. त्याच्या अलीकडे ती नुसती टणटण करते, पलीकडे मुकी होते. ती जागा सापडली की पुढची दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून छेडत बसायचे. कामावर वाद झालेला असो, महिनाअखेरीची ओढाताण असो, पावसाळी हवेनं तारा उतरलेल्या असोत, रोज. मग उठायचे. तोवर गल्लीतलं कुणी ना कुणी ओट्यावर येऊन थांबलेलं असायचं. पेन्शनचा अर्ज, रेशनकार्डात नाव चढवायचा अर्ज, वारसाची नोंद. गुडघ्यावर पाटी ठेवून अर्ज लिहून द्यायचे. कधी एकच अर्ज तीनदा लिहायचे, कारण आलेला माणूस दर वेळी नवीन काहीतरी आठवून सांगायचा.

'अध्यात्म' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे नेत्रदान झालं आणि आईच्या इच्छेप्रमाणे तेरावंही झालं. आईनं दोन्हींत काही विसंगत आहे असं मानलं नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न.

मराठीत हा शब्द जड झालाय. अध्यात्म म्हटलं की प्रवचनाचा मंडप, सतरंज्या आणि निवृत्त माणसं डोळ्यांपुढे येतात. म्हणून तुम्ही इंग्रजी शब्दाकडे गेलात, त्यात मोकळं वाटतं. पण आपला शब्द मुळात इतका बंदिस्त नाही. अधि आणि आत्मन्. संस्कृतात आत्मन् म्हणजे दर वेळी शरीर पडल्यावर उरणारा आत्मा नव्हे, 'आपण स्वतः' एवढाही त्याचा साधा अर्थ आहे. गीतेच्या आठव्या अध्यायात अर्जुन सरळ विचारतो, अध्यात्म म्हणजे काय? आणि तिसऱ्या श्लोकात उत्तर येतं, 'स्वभावोऽध्यात्ममुच्यते'. स्वभावाला अध्यात्म म्हणतात. भाष्यकारांनी यातून निरनिराळे अर्थ काढले, आणि गीता अर्थातच देव मानणारी आहे, तिला ओढून तुमच्या बाजूला बसवायचं नाही. तरी एवढं खरं की प्रश्न अध्यात्माचा होता आणि बोट ठेवलं गेलं ते आपल्या असण्यावर.

देव न मानता आत उतरणं ही काही परदेशातून आलेली टूमही नव्हे. अमेरिकेत प्यू या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेच्या २०२३ सालच्या पाहणीत १०० पैकी २२ प्रौढ माणसं 'स्पिरिच्युअल, पण धार्मिक नाही' या गटात निघाली आणि तिकडे त्याची नवा प्रवाह म्हणून चर्चा होते. आपल्याकडे सांख्यांनी जगाचा उलगडा ईश्वराला न आणता केला. पूर्वमीमांसकांनी यज्ञ मानला, पण जग घडवणारा ईश्वर मानला नाही. तरी ही दोन्ही दर्शनं आस्तिकांत मोजली जातात, कारण ती वेद मानतात. मनुस्मृतीतला नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा, देव न मानणारा नव्हे. बौद्ध आणि जैन तर जगाचा कर्ता न मानताच ध्यानाच्या, व्रताच्या, करुणेच्या वाटेनं गेले. तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं की देवाशिवाय अध्यात्म असूच शकत नाही, तर ते आपल्याच परंपरेला धरून नाही.

म्हणून नाव द्यायचं असेल तर खुशाल द्या. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण तुम्हाला रात्रभर जागं ठेवलं ते नावानं नाही असं मला वाटतं.

दिरांचं बोलणं घेऊ. धर्मातून देव बाजूला काढला तरी मागे पुष्कळ उरतं. ठरलेली वेळ उरते. मन नसताना उठणं उरतं. ज्या नातलगाचं तोंड बघायची इच्छा नसते त्याला पानावर बसवून वाढणं उरतं. घरातलं माणूस गेलं की तेरा दिवस कुणी ना कुणी चहा-पिठलं घेऊन येत राहणं उरतं. श्रद्धा डळमळली तरी पंचांग माणसाला कामाला लावतं. धर्म सोडणाऱ्याच्या हातून देवाबरोबर हेही सगळं जातं, आणि राहतं ते फक्त वाटणं. पहाटेची गच्ची सुंदर असते. मांजलपूरकडे अजून कोकीळ ऐकू येत असेल, आकाश हळूहळू फिकट होत असेल. पण गच्ची तुमच्याकडे काही मागत नाही. माझी दिरांशी सहमती आहे ती एवढ्याच मुद्द्यावर.

तेव्हा राग न मानता सांगा, त्या अर्ध्या तासानं आजवर तुमच्याकडे काय मागितलं? गच्चीतून खाली आल्यावर, ज्या विद्यार्थ्याचं नाव हजेरीत आलं की कपाळाला आठी पडते, त्याच्याशी एखाद्या दिवशी वेगळं बोलणं झालं का? कुणाची माफी मागितली गेली का? एखादी जुनी अढी आपलीच चूक आहे असं लख्ख दिसलं का, आणि दिसल्यावर फोन उचलला का? झालं असेल तर दिरांना उत्तर देत बसू नका. झालं नसेल तर त्यावर उपाय देवाला परत आणणं हा नाही. त्या बसण्याला कामाची जोड द्या.

आणि बाबांची ती रात्र आठवा. तिथे तुमच्याकडे काहीतरी मागितलं गेलं होतं. माणूस जाताना बघणं फार कठीण असतं. बाहेर जाऊन फोन करावा, डॉक्टरांना शोधावं, काहीतरी करत राहावं असं वाटतं. तुम्ही हात धरून बसून राहिलात. ते वाटणं गच्चीतल्या वाटण्यापेक्षा खोल होतं त्याचं कारण हेच असेल. त्याला शब्द सापडला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. माझी आई गेली त्या रात्री मी तिचे ओठ ओल्या कापसानं टिपत होते, दर पाच-दहा मिनिटांनी, पहाटेपर्यंत. त्यालाही माझ्याकडे शब्द नाही.

बसण्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तुम्ही 'नुसती बसते' असं लिहिलंय, जणू ते काही विशेष नाही. आपल्याच गावातली गोष्ट आहे. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेची काँग्रेस फुटली आणि त्यानंतर अरविंद घोष बडोद्याला आले. इथे संस्थानच्या नोकरीत त्यांची तेरा वर्षं गेली होती. विष्णू भास्कर लेले नावाचे एक मराठी योगी त्यांना भेटले आणि दोघं तीन दिवस एका खोलीत बसले. लेल्यांनी सांगितलं ते साधं होतं. विचार करू नका, मनाकडे नुसतं बघा. विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरायच्या आधी त्यांना परत लावा. यात अमुक मानलंच पाहिजे अशी अट नव्हती. अरविंदांनी पुढे १९०९ च्या उत्तरपाड्याच्या भाषणात स्वतःच सांगितलं की त्या काळात त्यांच्यात अज्ञेयवादी होता, नास्तिक होता, संशयी होता. तीन दिवसांत त्यांचं मन निःशब्द झालं, आणि जो अनुभव आला तो लेल्यांनी योजला होता तोही नव्हता आणि अरविंदांच्या कल्पनेत बसणाराही नव्हता. अरविंद त्या वाटेनं देवाकडे गेले, हे मी लपवत नाही. तुम्ही जाल असं नाही, न गेलात तर बसणं वाया गेलं असंही नाही. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. आधी मान्य कर आणि मग बस, असं तिच्यात नाही.

तर गच्चीत नुसतं बसण्याऐवजी रोज त्यातली वीस मिनिटं बघत बसा. श्वास आत येतो, बाहेर जातो. बाहेर जाणारा जरा लांब होऊ द्या, त्यानं हृदयाची गती उतरते, हे शिक्षिकेला मी सांगायला नको. मन पळेल. प्रयोगशाळेची किल्ली, गॅसचं बुकिंग, दिरांचं वाक्य. पळालं हे कळलं की परत यायचं. चाळीस वेळा पळालं तर चाळीस वेळा परत. आप्पांचा दोरा असाच केसभर पुढे, केसभर मागे चालायचा, आणि त्यांनी कधी वैतागून तंबोरा ठेवून दिल्याचं मला आठवत नाही. एकटीनं जमत नसेल तर विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं आहेत, इगतपुरीची सगळ्यांना माहीत आहेत. त्यांना फी नसते, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ती चालतात. मात्र कुणाला नैराश्याचा किंवा मनाचा दुसरा मोठा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दहा दिवस मौनात जाऊ नये. हे मी प्रत्येकाला सांगते.

याच गावात आणखी एक माणूस असाच बसला होता. सप्टेंबर १९१७. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला बडोद्याला आले. गावात त्यांना कुणी जागा देईना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. कळल्यावर लाठ्या घेतलेली माणसं दाराशी आली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. ओळखीच्यांकडे विचारून पाहिलं, जमलं नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत काढले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. त्या दिवशी गावात देवळं होती, मशिदी होत्या, अग्यारी होती, तिन्हीसांजेला दिवा लागणारी हजारो घरं होती. एका माणसाला एका रात्रीपुरतं छप्पर मिळालं नाही.

त्यांच्या त्या दुःखाला अध्यात्म वगैरे म्हणायचा मला अधिकार नाही. मी माझ्याबद्दल सांगते. वर्षातून एकदा मी तिथे जाऊन उभी राहते. हात आपोआप जोडले जातात. ते कुठल्या देवाला जोडलेले नसतात. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत भाड्यानं फ्लॅट बघायला एक जोडपं आलं होतं. कमिटीतल्या एकानं आडनाव विचारलं आणि 'जागा गेली' म्हणून सांगितलं. जागा गेलेली नव्हती. मी जिन्यात उभी होते, हातात भाजीची पिशवी होती आणि मी बोलले नाही. त्या सप्टेंबरात कमाटीबागेत गेले तर मला तिथे उभं राहवेना. पुढच्या खेपेला तसंच घडायला लागलं तेव्हा बोलले. कमिटीशी वाकडं आलं, दिवाळीच्या फराळाला दोन घरांनी बोलावलं नाही. मला जर कुणी विचारलं की तुमचं अध्यात्म कुठे आहे, तर मी त्या जिन्याकडे बोट दाखवीन. कमाटीबागेत मला जे वाटतं त्यानं एक दिवस माझ्याकडे किंमत मागितली, पहिल्यांदा मी दिली नाही, दुसऱ्यांदा दिली.

एका गोष्टीपासून तुम्हाला सावध करायचंय. देव सोडलेल्या, पण आतून ओढ असलेल्या माणसावर बाजाराची नजर असते. आई गेल्यावर पन्नाशीत मी एका शिबिरात जायला लागले. नाव घेत नाही. सुरुवातीला खरंच बरं वाटलं. पांढऱ्या गाद्या, मंद दिवे, कुणी देव मानायला सांगत नव्हतं. पहिल्या पायरीचे पैसे भरले, दुसऱ्या पायरीचे भरले. तिसरीला ३२,००० रुपये सांगितले, त्यासाठी मी आईच्या पाटल्या मोडायला निघाले होते. मी शंका विचारली की 'तुमची एनर्जी निगेटिव्ह आहे' असं हसत सांगायचे. पाटल्या घेऊन सराफाच्या दुकानात बसले असताना अचानक आप्पांची फुलांची पुडी आठवली आणि उठून घरी आले. तुम्ही विज्ञान शिकवता, तुम्हाला फसवणं अवघड आहे असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. जिथे शंकेला आजार ठरवतात आणि पुढची पायरी कायम पैशानंच चढायची असते, तिथून निघा.

आता पूजेचं. तुमच्या पत्रातला हा खरा ठणका आहे.

देवघरापुढे सासूबाईंसाठी एक खुर्ची ठेवा. त्या बसतील. स्तोत्र त्या म्हणतील. तुम्ही देव ताम्हनात घ्या, पाणी घाला, पुसा, सहाणेवर गंध उगाळा. गंध कसं हवं, पातळ की दाट, ते त्या सांगतील आणि पहिले पंधरा दिवस तुमचं चुकेल. फुलवात तुपात भिजवून निरांजनात तुम्ही लावा आणि निरांजन त्यांच्या हातात द्या, ओवाळतील त्या. संकल्प त्यांचा, नाव-गोत्र त्यांचं. त्यांचे हात तेवढे तुम्ही. यात खोटं काय आहे? फुलं आईची होती तशी ही पूजा सासूबाईंची आहे. गुडघे गेले म्हणून माणसाची पूजा जात नाही. पाटावर बसता येत नाही एवढंच झालंय, आणि त्यासाठी त्यांनी सगळंच सोडून द्यायचं ठरवलं, कारण दुसरा मार्ग त्यांना कुणी दाखवला नाही. त्या दिवशी 'तुझ्याकडे' म्हणताना त्यांना किती जड गेलं असेल, याचाही विचार करा.

पण हे सुरू करण्याआधी त्यांना खरं सांगा. ढोंग विधीत नसतं, समोरच्याला अंधारात ठेवण्यात असतं. चहा झाल्यावर, घरात बाकी कुणी नसताना, जवळ बसून बोला. असं काहीसं, 'आई, तुम्हाला देव्हाऱ्यात जे दिसतं ते मला दिसत नाही. तुमच्यापासून लपवायचं नाही म्हणून सांगते. पण तुमची पूजा मी एक दिवस चुकू देणार नाही.' त्यांना धक्का बसेल असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं त्यांना केव्हाचं माहीत आहे. वीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढलेल्या बायकांना एकमेकींचं माहीत नसतं असं फार थोडं असतं. सक्ती त्यांनी कधी केली नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

गौरींचं जरा वेगळं आहे, कारण तिथे उंबऱ्यातून मुखवटे आत आणायचे असतात, आणि 'कशाच्या पावलांनी आली?' म्हटलं की 'सोन्याच्या पावलांनी' असं उत्तर द्यायचं असतं. ते म्हणताना तुमचा घसा अडकेल असं मला वाटत नाही. माहेरी आलेल्या लेकीला आत घेण्याचे ते शब्द आहेत, तेवढ्या भावनेनं म्हणता येतात. सासूबाई आहेत तोवर त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या पद्धतीनं करा. सोळा भाज्या, पुरण, हळदीकुंकू, सगळं. पण 'तुमच्यामागेही मीच चालवीन' असा शब्द देऊ नका, तो तुमच्याच्यानं मनापासून देता येणार नाही. त्याऐवजी दिरांना आणि जाऊबाईंना बोलवा. दिरांना व्रताची कळकळ आहे, ती खरी असणार, मग गणपतीची प्रतिष्ठापना त्यांच्या हातून होऊ द्या आणि पुढे गौरी त्यांच्या घरी न्यायच्या का ते सासूबाईंसमोरच ठरवा. सासूबाईंना ऐकायला कठीण जाईल. पण आपल्या मागे काय होणार हे न कळता राहणं त्याहून कठीण असतं.

राहिला मुलगा. त्याला व्याख्या देऊ नका. सतराव्या वर्षी मुलं व्याख्येत चुका काढतात आणि ते बरोबरच असतं. तुम्ही त्याच्या आजीच्या गुडघ्यातल्या कॅल्शियमपासून सुरुवात करा. ते आणि त्याच्या रक्तातलं लोह ताऱ्यांमध्ये तयार झालंय, हे तुम्ही त्याला माझ्यापेक्षा कितीतरी नीट सांगाल. ते कळल्यावर अंगावर काटा येतो, त्याला देव लागत नाही, हे त्याला पटकन पटेल. काटा थोड्या वेळानं उतरतो, हेही सांगा. मग त्याला म्हणा की सकाळी साडेसहाला, क्लासला जायच्या आधी, आजीला धरून देवघरापर्यंत न्यायचं आहे, रोज, रविवारी आणि परीक्षेच्या दिवसांतही. 'आणि यात स्पिरिच्युअल काय?' असं तो विचारेल. महिनाभर थांब, मग बोलू, म्हणा.

खुर्ची आणायलाही त्यालाच घेऊन जा. प्लास्टिकची नको, ती फरशीवर सरकते. लाकडाची, दोन्ही बाजूंना हात असलेली बघा, म्हणजे त्यांना जोर लावून उठता येईल. बसायची उंची अठरा-एकोणीस इंच तरी हवी. पायांना खाली रबर लावून घ्या, आणि आणण्याआधी सासूबाईंच्या गुडघ्याची उंची मोजून घ्या.

— ताई